पातळी अठरा, मासा निरंक

शहापुरात मला खोली मिळाली ती एका माशाच्या कृपेने. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बदली झाली होती आणि गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. एका गल्लीच्या टोकाला 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली. तिच्याखाली खडूने लिहिलेली दुसरी पाटी होती, 'आजची पातळी १८.०'. मला वाटलं, विहिरीची असेल.

दार उघडलं एका उंच, काटकुळ्या म्हाताऱ्याने. कानावर पेन्सिल, गळ्यात शिट्टी. मला वरपासून खालपर्यंत मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय करता?"

"गुरांच्या दवाखान्यात आहे."

"म्हणजे डॉक्टर."

"डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या हाताखाली."

"हाताखालचाच माणूस खरा असतो. वरचा नुसती सही करतो." मग आवाज खाली आणून, मुलीच्या बापाने स्थळाची चौकशी करावी तसं विचारलं, "माशांचं कळतं का?"

"खायचं कळतं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. पण आतून कोणीतरी खळखळून हसलं आणि म्हणालं, "द्या हो त्याला खोली. खरा बोलनारा मानूस हाय."

त्या काकू. आणि हे काका. गावात त्यांना सगळे धरणकाका म्हणत. काकांना वाटे आदराने म्हणतात.

काकांनी चौतीस वर्षं भातसानगरला धरणावर काढली होती. काम काय, तर रोज सकाळी मोजपट्टीवर पाण्याची पातळी बघायची, पाऊस किती पडला ते बघायचं, वहीत लिहायचं आणि फोनवरून वर कळवायचं. पाऊस नसेल तर त्या रकान्यात 'निरंक' लिहायचं. एवढंच. पण काका बोलायला लागले की वाटे, भिंत यांनीच छातीने अडवून धरली होती. "अख्खी मुंबई माझ्या आकड्यावर आंघोळ करते," असं ते म्हणत, आणि क्रियापद मुद्दाम वर्तमानकाळात ठेवत. निवृत्तीनंतर मुंबईची आंघोळ कशी चालते याची त्यांना मनापासून काळजी होती.

आमच्या गल्लीत मात्र एप्रिल उजाडला की टँकर. काकू कमरेवर हंडा घेऊन रांगेत उभ्या राहत आणि म्हणत, "पानी मुंबईला गेला, आकडा आमच्या घरी र्‍हायला."

आकडा राहिला होता हे खरं. काका सगळंच मोजत. पिंपाची पातळी, कळशीची पातळी, भाताच्या पातेल्यातल्या आधणाची पातळी. चहाचा कप काठापासून पेराएवढा खाली असला तर परत पाठवत. पाहुण्याने चहा थोडा ठेवला तर त्याच्या कपात डोकावून सांगत, "अर्धा सेंटिमीटर शिल्लक आहे." पाहुणा पुन्हा येत नसे, ही काकांच्या मते पाहुण्याची चूक. त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं, ते दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे. "आकडा खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

आता मासा. कल्याणला काकूंची भाची राहते. तिने एका संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्रत्येक बाईच्या हातात प्लास्टिकच्या पेल्यात एकेक फायटर मासा ठेवला. वाटी दिली असती, कुंकवाचा करंडा दिला असता, पण नवीन सोसायटीत राहणाऱ्या बाईला काहीतरी वेगळं करावंच लागतं. बाकीच्या बायकांचे मासे रथसप्तमीच्या आत गेले. काकूंचा टिकला. अंग निळं, शेपटीला लाल काठ. काकूंनी त्याचं नाव ठेवलं निळू आणि त्याला लोणच्याची मोठी काचेची बरणी दिली. त्या वर्षी लोणचं घातलंच नाही.

निळूला एक खोड होती. काकूंनी पाण्यात बोट बुडवलं की तो कुठेही असला तरी वर येई आणि बोटाच्या टोकाला तोंड लावी. दुसऱ्या कोणाच्या बोटाला तो भीक घालत नसे. मी एकदा बोट घालून बघितलं, त्याने मला शेपटी दाखवली. काकूंना याचा केवढा अभिमान. मूलबाळ नव्हतं, हे मी सांगायची गरज नाही. काकू स्वतःच सांगत, "पोर नाय दिला देवानी, निदान चावनारा तरी दिला."

काकूंची माशाची पद्धत साधी होती. नळाचं असो, टँकरचं असो, एक हंडा आदल्या दिवशी भरून ठेवायचा. "उग्र वास जाऊ दे त्याचा," म्हणायच्या. दर दोन-तीन दिवसांनी बरणीतलं थोडं पाणी काढून टाकायचं आणि हंड्यातलं शिळं पाणी घालायचं. हे कुठे शिकल्या नव्हत्या, कोणी सांगितलं नव्हतं. मासा दोन वर्षं तुकतुकीत राहिला.

मग, मी राहायला येण्याच्या थोडं आधी, काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त. बरणीत ओतलेलं पाणी बरणीच्या बाहेर पडायला लागलं, तेव्हा काकांनी जाहीर केलं की मत्स्य विभाग आजपासून त्यांच्याकडे वर्ग झाला आहे.

बरणीच्या काचेला त्यांनी पोलादी पट्टी चिकटवली आणि एक वही घातली. रोज सकाळी सहाला गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, ते पातळी घेत. अठरा सेंटिमीटर. मग बाहेरच्या पाटीवर खडूने लिहीत, जणू गल्लीतली माणसं त्यावर नांगरटीचं ठरवणार होती. उन्हाने पाणी आटून साडेसतरा झालं की वरून अर्ध्याची भर. एखाद्या वेळी भर जास्त झाली आणि साडेअठरा दिसले, तर विसर्ग. विसर्ग म्हणजे चहाच्या कपाने एक कप पाणी काढून मोरीत ओतणे. त्याआधी शिट्टी. एक लांब, दोन आखूड. "मोरीत कोणी असेल तर बाहेर यावं," असं ते मोरीच्या दारात उभं राहून ओरडत. एकदा मी आत साबण लावून उभा होतो, तो तसाच बाहेर आलो.

बदलणं मात्र बंद झालं. पातळी अठरा म्हणजे पाणी ठीक, हा चौतीस वर्षांचा अनुभव. आत काय साठलंय हे बघायचं काम धरणावर दुसऱ्या कोणाचं तरी असे. बरणीतलं पाणी चहासारखं पिवळं पडलं आणि वहीत रोज अठरा लागत राहिले.

दोन महिन्यांनी एका सकाळी मला हाक आली. वही माझ्यापुढे धरली होती. 'सदर माशाचा उजवा डोळा फुगीर. वर पांढुरकी साय. दृष्टी शंकास्पद.'

मी बघितलं. डोळा खरोखरच साबुदाण्यासारखा बाहेर आला होता. निळू तळाला पडून होता आणि कल्ले जोरात हलत होते.

"काय असेल, डॉक्टर?"

मला गाईच्या डोळ्याचं कळतं. म्हशीच्या डोळ्यात किडा पडला तर मी तो काढू शकतो. बोटाएवढ्या माशाच्या मोहरीएवढ्या डोळ्यापुढे मी अगदीच अडाणी. पण काकूंच्या घरात मला डॉक्टर म्हणत, आणि त्या शब्दाची मला गोडी लागली होती. मी गंभीरपणे म्हणालो, "जंतुसंसर्ग दिसतो."

तो शब्द मी उच्चारायला नको होता.

पहिले तीन दिवस गुलाबपाण्याचे. चहाच्या गाळणीवर ओलं फडकं, फडक्यावर निळू, काकांच्या हातात ड्रॉपर आणि माझ्या हातात बॅटरी. काका कपाळाला घाम येईपर्यंत नेम धरत आणि थेंब माझ्या अंगठ्यावर पाडत. त्या गाळणीतून पुढे चहा गाळला गेला की नाही याची मी चौकशी केली नाही. चौथ्या दिवशी मध. पाचव्या दिवशी काकांनी बरणीभोवती हिरवा कागद गुंडाळला. त्यांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती, म्हणून माशालाही हिरवं. डोळा आणखी फुगला.

काकू भिंतीला धरून रोज बरणीपाशी येत. "कसा हाय माजा निळू? डोळा उघडला का त्याचा?" आणि त्यांच्या स्वतःच्या दोन्ही बुबुळांवर पांढरी साय धरलेली.

शेवटी मी मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या माझ्या एका मित्राला फोन केला. तो आधी पोट धरून हसला, मग नीट सांगितलं. असा डोळा बहुतेक वेळा घाण पाण्याने होतो. पहिलं औषध पाणी. रोज तिसरा हिस्सा काढून शिळं, स्वच्छ, खोलीइतकंच कोमट पाणी घालायचं. औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट मिळतं, ते चिमूटभर, सूज उतरायला. खायचं मीठ नाही. प्रतिजैविक लागलंच तर माशांचं समजणाऱ्याला विचारून, आपल्या मनाने नाही. आणि डोळ्यात थेंब घालायला मासा बाहेर काढणाऱ्याला माझा नमस्कार सांग, म्हणाला.

हे मी काकांना सांगितलं. नमस्कार वगळून.

काकांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या खानदानावर गेलो. "पाणी खराब? माझ्या बरणीतलं?" त्यांनी हिरवा कागद सरकवून पट्टीवर बोट ठेवलं. "बघा. किती?"

"अठरा."

"मग कुठं कमी आहे?"

मी म्हणालो, काका, कमी नाही, घाण आहे. त्यात जंतू आहेत. ते म्हणाले, असं होय, मग आधी जंतू म्हणायचं. पाणी बदलायला सांगितलं तर अपमान होत होता, जंतू मारायला सांगितलं तर होत नव्हता. मी दवाखान्यात निघून गेलो.

तो मे महिना होता. काकू पुतणीच्या लग्नाला वैशाखरेला माहेरी गेल्या होत्या, त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने परत यायच्या होत्या. दुपारी बाराला मला फोन आला. घाबरले की काकांची कार्यालयीन भाषा गळून पडत असे.

"डॉक्टर, लवकर या. निळू हालत नाय."

निळू उताणा तरंगत होता. घरभर ब्लीचिंगचा उग्र वास. खेड्यापाड्यांत विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर काकांनी बरणीत टाकली होती. "चिमूटच टाकली," ते म्हणाले. "विहिरीत घमेलं टाकतात. जंतूंना तेच लागतं ना?" आयुष्यभर पाण्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने जंतू मारायचं जे एकमेव औषध पाहिलं होतं, ते त्याने श्रद्धेने दिलं होतं. जंतू मेले असणार. मासाही मेला.

मला हसू आलं होतं, ते मी दाबलं. कारण काका जमिनीवर बसले होते आणि म्हणत होते, "तिच्या हातचा वाढलेला. माज्या हातनं गेला. आता ती आली की काय सांगू?"

मी म्हणालो, खरं सांगा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही अशक्य सुचवलं आहे. मग उठले, कपाटावरची टोपी घातली आणि म्हणाले, "मुरबाडला माशांचं दुकान आहे. काढा मोटारसायकल."

मी काढली. ही गोष्ट सांगताना मी स्वतःला वगळत नाही. मला तेव्हा त्यात गंमत वाटली होती.

किन्हवलीवरून मुरबाड. दुकानात फळीवर पेल्यांची रांग, प्रत्येकात एक फायटर. काकांनी ओळखपरेड घेतली. खिशातून कागदाची पुडी काढली, तीत निळू होता. त्याला पेल्यामागून पेल्याला लावून बघितलं. दुकानदाराने विचारलं, हे काय? काका म्हणाले, "नमुना." लाल काठाचा एकही नव्हता. अख्खा निळा एक होता, अंगाने जरा मोठा. "तिला काठ थोडाच दिसतोय," काका म्हणाले आणि पिशवी बांधायला सांगितली.

परत येताना पुढे एक एसटी दिसली. काकांनी माझ्या पाठीवर चापट मारली. "हीच तिची. मारा ओव्हरटेक." मी मारला. गाडीच्या बरोबरीने आलो तेव्हा काकू खिडकीत होत्या. नवं पातळ, केसांत गजरा. हातभर अंतर. काकांनी पिशवी पोटाशी धरून मान माझ्या पाठीआड घातली, पण मी कुठे घालणार? काकूंनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ज्याला रोज सकाळी चहा देत होत्या, त्याला त्यांनी ओळखलं नाही.

"बघितलं का तिनं?" मागून आवाज.

"नाही."

"वाचलो," काका म्हणाले. मीसुद्धा सुटकेचा श्वास टाकला. त्या श्वासाची मला आजही लाज वाटते.

काकू घरी पोचल्या तेव्हा बरणी धुऊन, नवं पाणी भरून, अठरावर आणून ठेवली होती. नवा मासा आत फिरत होता. काकूंनी नाक काचेला टेकवलं. "डोळा?"

"बरा झाला," काका म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर ते काका नव्हते. "माझ्या उपचारानं."

इथून काकांचा सुवर्णकाळ सुरू झाला. माशाचा फुगलेला डोळा बरा करणारा माणूस म्हणून त्यांची कीर्ती आधी गल्लीत, मग व्हॉट्सॲपवर, मग कल्याणपर्यंत गेली. ज्या बायकांचे मासे कधीच मेले होते त्यासुद्धा हळहळल्या. एक मास्तर किन्हवलीहून डब्यात मासा घेऊन आले. काका गुडघ्यावर बसत, एक डोळा मिटत, 'सदर डोळा' म्हणून सुरुवात करत आणि गुलाबपाणी, हिरवा कागद लिहून देत. टीसीएलचं नाव काढत नसत. माणसं बाहेर पडली की मी फाटकापाशी गाठून हळूच सांगे, बाकी काही करू नका, रोज थोडं पाणी बदला. ते मासे बरे होत आणि लोक काकांना पेढे आणून देत. पेढे मीही खाल्ले.

फक्त एक अडचण होती. नवा मासा काकूंच्या बोटाला येत नसे. काकू बोट बुडवत, तो तळाला जाऊन बसे.

"रुसलाय," काका म्हणत. "आजारातून उठलाय, जरा दम धर."

काकूंनी दम धरला. मग मला दिसायला लागलं की बरणीपाशी जाण्याआधी त्या हात धुतात. आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाने, मग राखेने. टँकरच्या दिवसांत काकू हातावर दोन-दोन तांबे पाणी घालत आणि काका चकार शब्द काढत नसत, यातच मला सगळं कळायला हवं होतं. मी उलट चेष्टा केली. म्हणालो, "काकू, ऑपरेशनला निघालात की काय?" त्या हसल्या. "माशाला वास येत असंल हाताचा," म्हणाल्या.

ऑपरेशनचं तर नावच निघत नव्हतं. मुरबाडला मोतीबिंदूचं मोफत शिबिर होतं, जूनमध्ये. काका म्हणाले, पावसाळ्यात डोळ्याला हात लावू नये. श्रावणात उपास असतात. पितृपक्षात कोणी डोळे उघडतं का? दिवाळीनंतर दुसरं शिबिर झालं, तेव्हा काका म्हणाले, अजून पिकला नाही. थंडीत पिकतो. थंडी गेली. माशाच्या डोळ्याला पाच दिवसांत तीन उपचार करणारा माणूस बायकोच्या डोळ्यांना वर्षभर तारखा देत होता, आणि मी ते विसराळूपणा, चिक्कूपणा, म्हातारचळ अशा वेगवेगळ्या नावांनी मित्रांना रंगवून सांगत होतो. खूप हशा होई.

फेब्रुवारीत काकूंनी भाताची उकळती पेज भांड्याऐवजी डाव्या हातावर ओतली.

त्यांना सरकारी दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून आणली. त्या आत पडल्या. काका ओट्यावर वही घेऊन बसले होते, पण लिहीत नव्हते. मी आवाज चढवला. म्हणालो, पुढच्या महिन्यात शिबिर आहे, आता कोणता मुहूर्त आडवा येतोय?

त्यांनी बरणीकडे बघितलं.

"दिसायला लागल्यावर तिला काय सांगू, डॉक्टर?"

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा डोकं सणकलं. शेपटीचा लाल काठ. एका माशाच्या शेपटीला काठ नाही म्हणून हा माणूस बायकोला आंधळी ठेवत होता. मी खूप बोललो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रागवंल म्हनून नाय ओ. ती रडंल." आणि मग मला आठवलं की तो मासा आणायला मोटारसायकल माझीच होती.

वैशाखरेला भावाला भेटायला नेतो असं सांगून मी काकूंना मागे बसवलं आणि मुरबाडला शिबिरात उतरवलं. नाव नोंदवायच्या टेबलापाशी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलाच. वैशाखऱ्याला कोन एवढा हळू गाडी चालवतोय?" आधी उजवा डोळा झाला. काकांना फोनवर कळवलं. पलीकडून एवढंच आलं, "औषधाच्या वेळा लिहून आना."

वेळांच्या बाबतीत मात्र काकांना तोड नाही, हे मान्य करायला हवं. दिवसातून ठरल्या वेळी थेंब. हात साबणाने धुऊन, नेम धरून. माझ्या अंगठ्यावर गुलाबपाणी सांडणाऱ्या त्या हाताने काकूंच्या डोळ्याबाहेर एक थेंब पडू दिला नाही. वहीत प्रत्येक थेंबाची नोंद. बरणीवर त्यांनी पुन्हा हिरवा कागद गुंडाळला.

काळा चष्मा काढायचा दिवस आला. काकू चष्मा काढून पुढच्या खोलीत आल्या आणि आधी आढ्याकडे बघितलं. "जळमटं बघा केवढी. आनि मी रोज झाडतेय." मग काकांकडे बघितलं. "तुमी एवढे वाळलात कधी?" मग मोरीत जाऊन हात धुतले, साबणाने, नीट, बोटांच्या बेचक्यांतून. आल्या, हिरवा कागद काढला आणि पाण्यात बोट घातलं.

मासा तळाला गेला. काकू वाकून बघत राहिल्या.

"हा निळू नाय."

"सदर मासा..." काकांनी सुरुवात केली.

"निळूच्या शेपटीला लाल काठ होता. हा अख्खा निळा हाय."

काकूंनी फळीवरची वही उचलली. ती वर्षभर तिथेच उघडी पडलेली होती, त्यांच्या हातापासून वितीवर. सातवीपर्यंत शिकलेल्या काकू उंबऱ्यावर बसल्या आणि ओळीखाली बोट धरून एकेक पान मागे उलटायला लागल्या. अठरा. अठरा. अठरा. मला वाटलं, त्या दिवशीही अठराच असेल. काका खोटं वागले होते, तर खोटं लिहायला काय हरकत होती?

काकूंचं बोट थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"पातळी अठरा. मासा निरंक."

तारीख पुतणीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"मी खोटा नाय लिवला," काका म्हणाले. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"लिवला नाय. बोललात."

"तुज्या हातचा होता तो. कुठल्या तोंडानं सांगायचा?"

"त्याच तोंडानं," काकू म्हणाल्या. मग वही मिटली आणि स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला. बोटांची कातडी राखेने आणि साबणाने सोलवटून गेली होती. ती त्या पहिल्यांदाच बघत होत्या. "वरीसभर मी हात धुतेय. मला वाटला, माज्याच बोटाला वास येतोय. माज्याच हातनं कायतरी झाला, म्हनून येत नाय तो."

काका उभे होते, त्यांचे हात कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं.

"पानी बदला त्याचा," काकू म्हणाल्या. "हंड्यातला घ्या, शिळा. या बिचार्‍याचा काय गुन्हा?"

काकांचा हात सवयीने शिट्टीकडे गेला.

"शिट्टी नको."

काकांनी शिट्टी गळ्यातून काढून फळीवर ठेवली. मासा पेल्यात काढला, बरणी उचलली आणि मोरीत नेऊन सगळी उपडी केली. आतून बरणी घासल्याचा आवाज येत राहिला. मी उठून हळूच माझ्या खोलीकडे निघालो होतो. काकूंनी मान वळवली. नवा डोळा स्वच्छ होता, आणि एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं तसंच त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. या वेळी त्यांना मी दिसत होतो.

"आनि डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुमचे तर दोनी डोळे धड होते ना?"